विस्तवावरच्या भाज्या बाहेरून काळ्या, आतून कच्च्या: लाकूड बदलण्याआधी हे बघा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. उघड्यावर, लाकडाच्या विस्तवावर, फक्त हंगामातल्या भाज्या करणारं छोटं रेस्टॉरंट आहे, एकच लांब शेगडी आहे आणि भाजी जशी येईल तसा मेन्यू दर आठवड्याला बदलतो. तक्रारी तीन. कांदा, बीट, गाजर बाहेरून कोळसा आणि आतून कच्चे. गर्दी झाली की ऑर्डर टेबलावर जायला पाऊण-पाऊण तास. आणि काही दिवशी सगळ्यालाच एक कडवट, घसा धरणारी धुरकट चव. त्यावर तुम्ही विचारताय की लाकूड कुठलं घेऊ, आणि सरळ गॅसचं ग्रिल लावून मोकळा होऊ का.

लाकूड आणि गॅस दोन्हीवर येते, पण तुमच्या वर्णनावरून मूळ दुखणं वेगळं दिसतंय. लाकूड पेटवायची जागा आणि शिजवायची जागा तुमच्याकडे एकच आहे, आणि मेन्यू तुम्ही भाजीच्या नावावरून लिहिता. या दोन गोष्टी बदलल्या की तिन्ही तक्रारी बऱ्याच अंशी सुटतात. त्या न बदलता भारीतलं भारी लाकूड आणलंत तरी कांदा तसाच निघणार.

यात परिस्थितीवर अवलंबून असलेलं बरंच आहे. वारा किती आणि कुठून येतो, डोक्यावर छप्पर आहे की नाही, जाळी वर-खाली करता येते का, शेगडीवर माणसं किती, सरपण कोरडं ठेवायला जागा आहे का, आणि तुमच्या भागात उघड्या आगीचे नियम काय. मी बरीच वर्षं हेच काम करतेय पण माझी शेगडी भिंतीच्या आडोशाला आहे, मोकळ्या वाऱ्यात काम करणाऱ्याला माझी मिनिटं जशीच्या तशी लागू पडणार नाहीत. म्हणून मी कारणं जास्त सांगते, मिनिटं तुम्ही तुमच्या शेगडीवर काढा.

तर आधी जाळ आणि निखारा. लाकूड पेटतं तेव्हा पहिल्यांदा त्यातलं पाणी जातं, मग लाकूड तापून त्यातून वायू सुटतात आणि ते वायू जळतात तोच आपल्याला दिसणारा जाळ, आणि हे सगळं सुटून गेलं की उरतो तो निखारा, म्हणजे बहुतांश कार्बन. जाळ एका जागी राहत नाही, त्यात काजळी असते, त्यावर धरलेली भाजी दोन-तीन मिनिटांत काळी होते पण ते काळं म्हणजे काजळी आणि जळलेली साल, उष्णतेला आत जायला वेळच मिळालेला नसतो. भाजीत उष्णता फार हळू सरकते. मुठीएवढ्या बीटाच्या गाभ्यापर्यंत नीट शिजायला तासाभराच्या आसपास लागतो, बाहेर कितीही मोठा जाळ लावा, उलट जेवढा जाळ मोठा तेवढी साल लवकर जळणार एवढंच. निखाऱ्याची धग मात्र एकसारखी असते, तो फावड्याने उचलून पाहिजे तिथे नेता येतो, पसरला की धग कमी, ढीग केला की जास्त.

शेगडीच्या एका टोकाला लोखंडी सळ्यांची टोपली करून घ्या, वीतभर उंच पायांवर, तळाच्या सळ्यांमध्ये दोन-तीन बोटं अंतर. लाकूड फक्त त्यात पेटेल. जळताजळता निखारे खाली पडतात, ते ओढून जाळीखाली न्यायचे. शिजवायच्या जागेवर लाकूड टाकायचंच नाही, कितीही घाई असली तरी. स्पेनच्या बास्क भागात आश्पे गावात एचेबारी नावाचं रेस्टॉरंट आहे, तिथे बिक्तोर आर्गिन्सोनिस यांनी ही गोष्ट पार टोकाला नेलीय, लाकूड वेगळ्या भट्ट्यांमध्ये जाळून निखारे करायचे, ते ग्रिलखाली घालायचे आणि प्रत्येक ग्रिलची जाळी चाक फिरवून वर-खाली करायची. तुम्हाला एवढं काही करायची गरज नाही, टोपली आणि लांब दांड्याचं फावडं एवढ्यावर भागतं. टोपली साध्या लोखंडाचीच घ्या, गॅल्व्हनाइज्ड जाळी किंवा पत्रा विस्तवात अजिबात नको, त्यावरचं जस्त तापून विषारी धूर सोडतं.

टायमिंगची एक गोष्ट नवीन माणसाला पटकन कळत नाही. ओंडक्याचा चांगला निखारा व्हायला अर्धा-पाऊण तास जातो, जाड असेल तर जास्तच. म्हणजे आत्ता टोपलीत टाकलेलं लाकूड आत्ताच्या ऑर्डरसाठी नसतंच, ते पाऊण तासानंतर बसणाऱ्या टेबलांसाठी असतं. तुमच्याकडे गर्दीत बहुतेक असं होत असणार की टेबलं भरली, निखारे संपत आले, कोणीतरी घाबरून चार लाकडं टाकली, धूर झाला, जाळ उठला, आणि गाजरं त्याच जाळावर गेली कारण पाहुणे थांबलेत. तिन्ही तक्रारी इथे एकदम पैदा होतात. म्हणून एक माणूस फक्त विस्तवासाठी ठेवा, त्याने भाजीला हात लावायचा नाही, बुकिंग बघून लाकूड टाकायचं आणि निखारे पोचवायचे. छोट्या जागेत हा पगार खटकतो मला माहितीये, पण भाजीवर दोघं आणि विस्तवावर एक ही टीम भाजीवर तिघं लावण्यापेक्षा जास्त प्लेटा काढते आणि कमी फेकते.

धग किती आहे हे तळहाताने कळतं. जाळीच्या उंचीवर हात धरा, दोन सेकंदांत ओढून घ्यावा लागला तर तेज, चार-पाच सेकंद टिकला तर मध्यम, आठ-दहा टिकला तर मंद. निखाऱ्यावर राख चढली की धग उतरते कारण राख उष्णता अडवते, पुठ्ठ्याने वारा घातला की राख उडून निखारा परत लाल होतो. हा वारा जाळीवर भाजी नसताना घाला, नाहीतर सगळी राख ओल्या भाजीला चिकटते आणि मग पुसत बसा. आणि उघड्यावर हेच काम वारा तुमच्या परवानगीशिवाय करत असतो, म्हणून वाऱ्याच्या बाजूला कमरेएवढा आडोसा उभा करा. विटांचा करा, नदीतले गोटे आणून रचू नका, त्यात पाणी मुरलेलं असतं, तापल्यावर वाफ कोंडून दगड फुटतो आणि कपच्या डोळ्यात जातात.

आता मेन्यू. भाजीवरून मेन्यू लिहिला की दर आठवड्याला स्टाफला नवीन काम शिकावं लागतं, आणि ते अंगवळणी पडेपर्यंत भाजीचा हंगाम संपतो. माझ्याकडे मेन्यू विस्तवावरच्या जागांवरून ठरतो. एक डिश राखेतली, एक जाळीवर तेज धगीची, एक उंचावर मंद धगीत दुपारभर राहिलेली, एक बिडाच्या तव्यावरची. भाजी बदलते, जागा तीच राहते. राखेत कधी कांदा, कधी बीट, कधी रताळं, कधी अख्खं वांगं. जाळीवर कधी ढोबळी मिरची, कधी लीक (जाड दांड्याची, कांद्याच्या जातीची पात), कधी कोवळं कणीस. उंचावर टांगलेला कोबी किंवा फ्लॉवरचा अख्खा गड्डा. फरसबी, मटार, मशरूमचे तुकडे असं जाळीतून खाली पडणारं सगळं तव्यावर. स्टाफच्या हाताला राखेचं काम माहीत असतं, आज बीटाऐवजी रताळं आलं तर त्याला फक्त वेळ बदलून सांगायची. आणि ऑर्डरी पण आपोआप चार जागांवर वाटल्या जातात, सगळी गर्दी एका जाळीवर होत नाही. तुमच्या आत्ताच्या मेन्यूत मला सातपैकी पाच गोष्टी जाळीवरच्या दिसताहेत, मग पाऊण तास लागेल नाहीतर काय होईल.

राखेचं जरा सविस्तर सांगते, कारण तुमचा कांदा आणि बीट तिथे जायला पाहिजेत. निखारे आणि बारीक राख साधारण निम्मी-निम्मी मिसळून चार-पाच बोटं जाडीचा थर करायचा. कांदा अख्खा, सालासकट, मुळाचा गड्डा न कापता त्यात अर्धा पुरायचा आणि वरून राखेचा पातळ थर. मध्यम कांद्याला चाळीस मिनिटं ते तास, मध्ये एकदा-दोनदा फिरवायचा. तयार होत आला की मुळाकडून रस बुडबुड करत बाहेर येतो आणि राखेत त्याचा काळा चिकट डाग पडतो, कधीकधी बारीक शिट्टीसारखा आवाज येतो. चिमट्याने दाबला की तो दबतो आणि परत वर येत नाही. पातळ सळई घालून बघा, गाभ्यापर्यंत अडत नसेल तर काढा आणि लगेच कापू नका, दहा मिनिटं तसाच राहू द्या. मग टोकं कापायची, बाहेरचे दोन पदर कोळसा झालेले असतात ते टाकून द्यायचे, तिसरा तपकिरी आणि चामड्यासारखा, तोही बहुतेक जातो, आणि आत मोत्यासारखे अर्धपारदर्शक पदर एकमेकांवरून घसरतात. साल इथे भांड्याचं काम करते. आतलं पाणी वाफ होऊन संपत नाही तोवर आतलं तापमान १०० अंशांच्या वर जात नाही, म्हणून बाहेर शेकडो अंशांची राख असूनही आतला गर जळत नाही. बीटाचंही हेच, फक्त तास ते दीड तास. वांग्याला पंधरा ते पंचवीस मिनिटं पुरतात पण त्याला आधी दोन-तीन ठिकाणी सुरी टोचा, नाहीतर वाफेने फुटतं, आणि गर काढल्यावर चाळणीत निथळू द्या कारण त्याच्यात नव्वद टक्क्यांवर पाणीच असतं. राख अर्थातच स्वच्छ लाकडाचीच पाहिजे.

इथे एक खोच आहे जी बऱ्याच जणांना वर्षानुवर्षं कळत नाही. बीट किंवा गाजर जेमतेम कोमट राखेत तासन्‌तास ठेवलं, आणि नंतर तेज धगीवर नेलं तरी ते मऊच होत नाही. कारण असं की भाजीच्या पेशींना धरून ठेवणारं पेक्टिन साधारण ८५ अंशांच्या पुढे चांगलं विरघळायला लागतं, पण ५५ ते ६५ अंशांच्या मधे भाजीतलंच एक एन्झाइम त्या पेक्टिनला असं बदलतं की ते कॅल्शियमशी घट्ट बांधलं जातं, मग पुढे कितीही शिजवा, भाजी टणक राहते. म्हणजे "मंद आच, भरपूर वेळ" हे इथे चालत नाही. राख एकतर पुरेशी गरम असू द्या नाहीतर भाजी टाकू नका. गंमत म्हणजे रताळ्याला हेच उलटं लागू होतं. त्यात साधारण ६० ते ७५ अंशांच्या टप्प्यात स्टार्चची माल्टोज साखर होते, त्यामुळे तो टप्पा हळूहळू पार केला तर रताळं जास्त गोड होतं. म्हणून रताळं राखेच्या थंड कडेला ठेवून हळूहळू आत सरकवायचं आणि बीट पहिल्यापासून आत. बटाट्यावर हा गोडीचा प्रयोग करू नका, काही फायदा नाही.

ऑर्डरचा वेळ यावरच कमी होतो. घट्ट भाज्या ऑर्डर आल्यावर सुरू करायच्याच नाहीत. संध्याकाळची सर्व्हिस असेल तर दुपारी तीनच्या सुमारास टोपली पेटवा, साडेपाच-सहापर्यंत कांदे, बीट, रताळी, कोबीचा गड्डा हे सगळं आतून शिजलेलं पाहिजे. ऑर्डर आली की त्याची फाक कापून तेज धगीवर चार-सहा मिनिटं, कापलेली बाजू खाली. ही बाजू ओली असते, आणि पृष्ठभागावर पाणी आहे तोवर तापमान १००च्या आसपासच अडकतं, खरपूसपणा यायला १४० च्या पुढे जावं लागतं. म्हणून जाळीवर ठेवण्याआधी कापडाने टिपा. एवढ्या एका टिपण्याने दोन मिनिटं वाचतात आणि भाजी जाळीला चिकटतही नाही. ऑर्डर टेबलावर जायला मग बारा-पंधरा मिनिटं, त्यात प्लेटिंग आलं.

दुपारी शिजवलेलं सर्व्हिसपर्यंत कसं ठेवायचं हा मुद्दा सोडू नका. एकतर ६० अंशांच्या वर गरम, नाहीतर पटकन थंड करून ५ अंशांच्या खाली, मधे कुठेही नाही. आदल्या रात्रीच्या विझत्या राखेत बटाटे ठेवून सकाळी काढणं दिसायला फार रोमँटिक आहे पण ते रात्रभर नेमक्या धोक्याच्या तापमानात पडून राहतात. आणि फॉइल. १९९४ मध्ये अमेरिकेत टेक्ससमधल्या एल पासो शहरात एका रेस्टॉरंटमधून ३० जणांना बोट्युलिझम, म्हणजे एका जंतूच्या विषाने होणारी जीवघेणी विषबाधा, झाला होता, कारण फॉइलमध्ये भाजलेले बटाटे फॉइलसकट बाहेरच्या तापमानाला ठेवले होते आणि नंतर त्यांचं डिप केलं. मातीतल्या भाजीवर त्या जंतूचे बीजाणू असतात, ते भाजून मरत नाहीत, आणि फॉइलमध्ये हवा न लागता, कोमट, ओलसर, त्यांना पाहिजे ते सगळं मिळतं. फॉइल वापरायचंच असेल तर भाजी शिजल्याशिजल्या काढून टाका. मी वापरत नाही, साल असताना फॉइल कशाला. भाजलेला लसूण तेलात बुडवून बाहेर ठेवायची सवय असेल तर तीही सोडा, कारण तेच.

हंगामी म्हणजे फक्त "या महिन्यात कुठली भाजी" एवढंच नाही, एकाच भाजीचा हंगाम सुरू होताना आणि संपताना ती वेगळी वागते. हंगामाच्या सुरुवातीचं गाजर बारीक, पाण्याने भरलेलं, ते कच्चंच तेज धगीवर टाकलं तरी सात-आठ मिनिटांत होतं. शेवटी शेवटी मधला दांडा लाकडासारखा होतो, मग ते आधी राखेत किंवा उकळून. थंडी लागलेला कोबी, गाजर गोड असतात कारण झाड थंडीत साखर साठवतं, आणि जास्त साखर म्हणजे लवकर करपणार, म्हणून जाळी दोन बोटं वर. सलग पावसानंतरच्या भाजीत पाणी जास्त, चव कमी, ती उंचावर जास्त वेळ वाळवून मगच खाली घ्यायची. मक्यातली साखर तोडल्यापासून स्टार्चमध्ये बदलत जाते आणि गरम हवेत हे झपाट्याने होतं, कालचं कणीस आणि आजचं कणीस यात फरक असतो आणि तो पाहुण्यालाही कळतो. फ्रिजमध्ये फार थंड ठेवलेल्या बटाट्यात मात्र उलट होतं, स्टार्चची साखर होते, तो बाहेर लगेच काळा पडतो आणि त्यात अ‍ॅक्रिलामाइड हे भाजताना बनणारं घातक मानलं जाणारं रसायनही जास्त तयार होतं, बटाटा फ्रिजबाहेर अंधाऱ्या थंड जागी ठेवा. माझा नियम साधा आहे, माल आला की प्रत्येक भाजीचा एक नग दुपारी शिजवून, कापून, खाऊन बघायचा आणि त्या दिवसाची वेळ फळ्यावर लिहायची. कालची वेळ पुसायची.

कडवट चवीकडे येते. लाकडाचा दाट पांढरा धूर म्हणजे न जळलेले वायू आणि डांबरासारखे पदार्थ, ते ओल्या भाजीवर बसतात आणि घसा धरतात. पातळ, जेमतेम दिसणारा निळसर धूर चालतो. पांढरा धूर येण्याचं पहिलं कारण म्हणजे ओलं लाकूड. ताज्या तोडलेल्या लाकडाच्या वजनात निम्मंसुद्धा पाणी असू शकतं, आणि ते पाणी उडवण्यात बरीच उष्णता जाते म्हणून आग थंड राहते आणि वायू पुरते जळत नाहीत. वीस टक्क्यांच्या खाली ओल पाहिजे, ओल मोजायचं छोटं मीटर मिळतं ते घ्या, ढलपी फोडून आतल्या ताज्या बाजूवर लावा, बाहेरून लावलंत तर फसाल. मीटर नसेल तर दोन लाकडं एकमेकांवर आपटा, कोरडं टणटणीत वाजतं, ओलं भद्द. दुसरं कारण हवा कोंडणं, टोपली गच्च भरली की होतं. तिसरं कारण तेल.

कुठल्या झाडाचं लाकूड, तर कठीण लाकडाचं, चिकट राळ नसलेलं, एवढं पुरे. पाइनसारखं राळेचं लाकूड काजळी धरतं. फळझाडांचं लाकूड चांगलं असतं, पण अमुक लाकडाने भाजीला तमुक सुगंध येतो यावर माझा फारसा विश्वास नाही, कारण आपण जाळाच्या पुढच्या टप्प्यावर, निखाऱ्यावर शिजवतो आणि तोवर लाकडाचा बहुतेक सुगंध निघून गेलेला असतो. एकाच झाडाच्या ओल्या आणि कोरड्या लाकडात जेवढा फरक आहे तेवढा दोन चांगल्या झाडांच्या कोरड्या लाकडांत नाही. रंग दिलेलं, प्लायवूड, जुनं फर्निचर हे कधीच नाही. पॅलेटचं, म्हणजे माल ठेवायच्या फळ्यांच्या चौकटीचं, लाकूड फुकट मिळतं म्हणून मोह होतो, त्यावर एमबी शिक्का असेल तर त्याला मिथाइल ब्रोमाइड या कीड मारायच्या विषारी वायूची धुरी दिलेली असते, शिक्का नसेल तरी त्यावर काय सांडलंय माहीत नसतं, सोडून द्या. कण्हेरीची काडीसुद्धा सरपणात येऊ देऊ नका, ती विषारी आहे.

तेलाचं असं की तुम्ही लिहिलंय भाजी तेलात घोळवून जाळीवर टाकता. ते तेल थेंबथेंब निखाऱ्यावर पडतं, भडका उठतो आणि काजळी परत भाजीवर. भाजी कोरडी किंवा ब्रशने जेमतेम चमकेल एवढंच तेल लावून जाळीवर ठेवा, उरलेलं तेल किंवा बटर उतरवल्यावर गरम असतानाच. पण ते उतरवल्यावर मात्र हात आखडू नका. मांस भाजताना त्याची चरबी निखाऱ्यावर पडून तिचा वास परत मांसाला लागतो, लोक ज्याला ग्रिलची चव म्हणतात त्यातली बरीचशी ती असते. भाजीत ती चरबीच नाही. त्यामुळे नुसती भाजलेली भाजी सुरुवातीचे दोन घास छान लागते आणि मग कंटाळवाणी होते, तिला स्निग्धता, आंबटपणा आणि काहीतरी कुरकुरीत बाहेरून द्यावं लागतं. मीठ मात्र आधी, मोठ्या फाकांना अर्धा तास आधी लावून सुटलेलं पाणी टिपून टाकलं की आतपर्यंत चव जाते आणि पृष्ठभागही लवकर कोरडा होतो. मशरूमला उलट, शेवटी.

एक धोक्याची गोष्ट तुमच्या फोटोत दिसली म्हणून. पाऊस-वाऱ्यासाठी छपराच्या बाजूंना प्लास्टिकचे पडदे आहेत. ते चारही बाजूंनी सोडून आत निखारे ठेवले तर ती जागा उघडी राहत नाही, बंद खोली होते. निखारे कार्बन मोनॉक्साइड सोडतात, त्याला ना वास ना रंग, धूर दिसत नाही म्हणून उलट सगळ्यांना वाटतं की हवा स्वच्छ आहे. आधी डोकं दुखतं, मळमळतं, माणूस म्हणतो उष्णतेने झालं असेल. किमान दोन समोरासमोरच्या बाजू कायम उघड्या ठेवा, डिटेक्टर लावा, आणि एवढा पाऊस असेल की हे जमणार नाही तर त्या दिवशी विस्तव बंद. राखेसाठी झाकणाचा लोखंडी डबा ठेवा, लाकडापासून आणि भिंतीपासून लांब, कारण वरून थंड दिसणाऱ्या राखेत निखारा एक-दोन दिवस जिवंत राहू शकतो. प्लास्टिकच्या कचरापेटीत राख टाकून लागलेल्या आगी काही कमी नाहीत.

राहिलं गॅसचं. गॅस वाईट नाही, पण त्यावर निखाऱ्याचं काम होत नाही, आणि तुमच्या ग्राहकाला जे दाखवायला बोलावलंय तेच तुम्ही काढून टाकाल. स्टॉकहोममध्ये निकलास एकस्टेड यांनी २०११ पासून एकस्टेड हे रेस्टॉरंट लाकडाच्या आगीवरच चालवलंय, म्हणजे सर्व्हिस आगीवर ओढता येते हे नक्की. तरी हट्ट म्हणून सगळं आगीवर करू नका. मागे एक साधा बर्नर असू द्या, पाणी उकळायला, धान्य-कडधान्य शिजवायला, सॉस गरम ठेवायला. पाऊस फार असेल त्या दिवसासाठी तव्यावरच्या दोन-तीन डिशचा छोटा मेन्यू वेगळा छापून ठेवा, तो त्याच बर्नरवर निघेल. भाजीचा मुख्य भाग मात्र निखाऱ्यावरच.

खर्च एकदम करायचा नसेल तर क्रम असा लावा: आधी टोपली आणि फावडं, मग विस्तवावरचा माणूस, मग ओलीचं मीटर, जाळी वर-खाली करायची सोय सगळ्यात शेवटी, तोवर विटांवर विटा ठेवून उंची बदलता येते. पहिल्या आठवड्यात मेन्यू चार डिशवर आणा, चार जागांच्या चार, आणि टीमला श्वास घेऊ द्या. शेगडीची लांबी-रुंदी, वारा बहुतेक कुठल्या बाजूने येतो आणि सध्या हातात असलेल्या भाज्यांची यादी कळवलीत तर कुठली भाजी कुठल्या जागी बसेल ते लिहून देते.